टाळी कुठे वाजवायची?

१७७८च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये मोत्झार्टची नवी सिम्फनी वाजली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. कार्यक्रमाबद्दल त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र वाचताना मजा येते. पहिल्या भागाच्या मध्यावरची एक जागा लोकांना आवडणारच, हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. ती आली आणि वाद्यं चालू असतानाच टाळ्या पडल्या. तीच जागा त्याने शेवटाकडे पुन्हा ठेवली होती. पुन्हा टाळ्या! अखेरच्या भागाची गंमत आणखी निराळी. पॅरिसचे वादक असा भाग सगळे मिळून दणक्यात सुरू करतात हे त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून त्याने मुद्दाम नुसत्या व्हायोलिनवर, अगदी हळू सुरुवात केली. लोकांनी एकमेकांना 'शू शू' करून गप्प केलं. मग अचानक सगळा वाद्यवृंद एकदम सुटला आणि त्याबरोबर लोकांचे हातही. खूश होऊन स्वारी पाले रोयालकडे गेली, झकास आइस्क्रीम खाल्लं, बोललेल्या नवसाची जपमाळ ओढली आणि घरी आली.

आपल्याकडच्या बैठकीत बसलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. गवयाने सम गाठली की मान हलते, हात उठतो, 'क्या बात है' तोंडातून निघून जातं. गवयालाही ते हवं असतं. समोरची दाद घेऊनच तो पुढची तान कुठे न्यायची ते ठरवतो. पण त्याच मोत्झार्टची तीच सिम्फनी आज कुठल्याही सभागृहात ऐकायला जा. तिकीट काढलेले हजारभर लोक पुतळ्यासारखे बसलेले असतात. एक भाग संपतो, दुसरा सुरू व्हायच्या आधी सगळे खोकून घेतात आणि पुन्हा शांतता. मुंबईतल्या अशा एका मैफलीत माझ्या पुढच्या रांगेतल्या काकांनी पहिला भाग संपल्यावर मनापासून दोन टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर चहूबाजूंनी अशा नजरा वळल्या, की मध्यंतरापर्यंत ते हात मांडीखाली घेऊन बसले.

मोत्झार्ट असता तर काकांच्या शेजारी बसला असता, याबद्दल मला शंका नाही. मग मध्ये घडलं काय? याचं उत्तर ज्याला संगीतातला रोमँटिक काळ म्हणतात, त्या साधारण शंभर वर्षांत आहे. त्या काळाबद्दल बोलताना 'भावनांचा उद्रेक', 'निसर्गाची ओढ', 'बंडखोर प्रतिभा' वगैरे ठरलेली यादी वाचली जाते. ती खोटी नाही. पण मला त्याहून मोठी उलथापालथ वाटते ती मालकीची. गाणं कुणाचं? गाणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं, की लिहिणाऱ्याचं? अठराव्या शतकात या तिघांची भागीदारी होती. एकोणिसावं संपता संपता सातबारा एकाच्या नावावर झाला होता.

सुरुवात बेथोव्हेनपासून करता येते. कॉन्चेर्तोमध्ये, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्या जुगलबंदीत, एक ठरलेली जागा असे. वाद्यवृंद एका स्वरसमूहावर येऊन थांबायचा, आणि एकटा वादक त्या रचनेतलेच धागे घेऊन आपल्या मनाने वाजवायचा. त्याला कडेन्झा म्हणतात. आपल्या भाषेत उपज म्हणा. बेथोव्हेन स्वतः यात वाघ होता. व्हिएन्नात त्याचं नाव आधी झालं ते असं आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यासाठीच. पियानोचे पहिले चार कॉन्चेर्तो त्याने स्वतः लोकांसमोर वाजवले. पाचवा पुरा झाला १८०९मध्ये, आणि तोवर कान गेल्यात जमा होते. १८११च्या नोव्हेंबरात लाइपझिगमध्ये तो वाजला तेव्हा पियानोवर दुसराच कुणी होता. त्या रचनेत कडेन्झाची नेहमीची जागा येते आणि तिथे बेथोव्हेनने इटालियनमध्ये सूचना लिहून ठेवली आहे: इथे कडेन्झा करायची नाही, लगेच पुढचं सुरू करायचं. आणि पुढचं म्हणजे काय, तर त्याने स्वतः सूर न् सूर लिहून दिलेली, उपजेसारखी वाटणारी जागा!

ही एक ओळ मला फार बोलकी वाटते. स्वतःला वाजवता येईना म्हणून दुसऱ्याच्या हातात दिलेली वस्तू, आणि देताना घातलेली अट. तिच्यात अहंकार आहे तशी भीतीही आहे.

मेंडेल्सनने पुढचं पाऊल टाकलं. १८४५मध्ये लाइपझिगमध्येच त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला. त्यात कडेन्झा शेवटाकडून उचलून भागाच्या मध्यावर आणली आहे, तीही पूर्ण लिहिलेली. आणि पहिला भाग धडाक्यात संपतो तिथे त्याने एक खोडी करून ठेवली आहे. सगळी वाद्यं थांबतात, पण बसून (bassoon) हे खर्जातलं फुंकवाद्य वाजवणारा थांबत नाही. त्याचा एकच स्वर तसाच धरलेला राहतो, मग अर्ध्या सुराने वर सरकतो, आणि त्या सुरावरून दुसरा संथ भाग हलकेच चालू होतो. टाळ्यांसाठी वर गेलेले हात हवेतच राहतात. टाळीला फटच ठेवायची नाही, याचा इतका सभ्य बंदोबस्त दुसरा कुणी केलेला मला माहीत नाही. (मेंडेल्सन बँकरच्या घरातला, फार शिष्ट वळणाचा माणूस. 'गप्प बसा' म्हणायची पद्धतही तशीच.) याच्या थोडं आधी, १८४२मध्ये, त्याने आपल्या 'स्कॉटिश' सिम्फनीचे चारही भाग न थांबता वाजवावेत असं छापूनच दिलं होतं.

सगळे रोमँटिक असे नव्हते, हेही सांगायला हवं. पियानोवादक लिस्ट प्रेक्षकांकडून चिठ्ठ्यांवर धून मागवून घ्यायचा आणि तिथल्या तिथे तिच्यावर वाजवायचा. दोन चिजांच्या मध्ये खाली उतरून लोकांशी गप्पाही मारायचा. शोपँ तर शिष्यांच्या छापील वह्यांमध्ये एकाच नॉक्टर्नच्या, म्हणजे पियानोवरच्या छोट्या चिजेच्या, वेगवेगळ्या हरकती पेन्सिलने लिहून द्यायचा. एकाला एक, दुसरीला दुसरी. म्हणजे छापलेलं शेवटचं नाही, हे त्याला मान्य होतं. पण हे दोघेही स्वतः वाजवणारे. ज्यांना दुसऱ्यांकडून काम करून घ्यायचं होतं, त्यांची तऱ्हा वेगळी. आणि दुसऱ्यांकडून काम करून घेण्याचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे ऑपेरा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इटालियन ऑपेरागृह डोळ्यांसमोर आणायचं तर सभागृहातले दिवे चालू ठेवावे लागतील. श्रीमंतांच्या बॉक्समध्ये जेवणं चालायची, पडदे ओढले जायचे, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या दालनांत जुगाराची टेबलं असायची. एखाद्या दुय्यम गायकाचं गाणं लागलं की लोक सरबत घ्यायला उठत, आणि तशा गाण्याला 'सरबताचं गाणं' असंच नाव पडलं होतं. मोठे गायक-गायिका आपली हुकमी गाणी सामानातून घेऊन हिंडत. ऑपेरा कुणाचाही असो, त्यात आपलं ते गाणं घुसवत. रचनाकाराचं नाव जाहिरातीत असे, पण लोक येत ते गळ्यासाठी. रॉसिनीने १८१५च्या सुमारास हरकती स्वतः लिहून द्यायला सुरुवात केली, तरी फार फरक पडला नाही. त्याच्या म्हातारपणी तरुण आदेलिना पात्तीने पॅरिसमध्ये त्याच्यासमोर त्याचंच गाणं इतक्या ताना-मुरक्यांनी मढवून म्हटलं, की रॉसिनीने गोड आवाजात विचारलं, 'छान आहे हो, कुणाची रचना?' ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली जाते की शंभर टक्के खरी असेलच असं नाही. पण रॉसिनी बोलला असेल, असं वाटण्यासारखी नक्की आहे.

या बाजारात व्हेर्दी उतरला. पो नदीच्या सपाट मुलखातल्या खेड्यातला, खानावळवाल्याचा मुलगा. दोन्ही मुलं आणि बायको, असे तीन मृत्यू त्याने दोन वर्षांच्या आत पाहिले होते. त्यानंतर १८४२मध्ये 'नाबुक्को' आला आणि तो इटलीभर गाजला. त्यातलं बंदिवान यहुद्यांचं समूहगीत पहिल्याच रात्री लोकांनी पुन्हा गायला लावलं आणि तिथून इटलीचा स्वातंत्र्यलढा पेटला, असं पिढ्यानपिढ्या लिहिलं गेलं. पुढे अभ्यासकांनी त्या वेळची वर्तमानपत्रं चाळली, तर पुन्हा गायला लावलेलं समूहगीत दुसरंच निघालं! दंतकथा खोटी ठरली तरी त्या गाण्यात एक गोष्ट आहेच. त्यातला बराचसा भाग सगळा समूह एकाच सुरात, एका ओळीत गातो. जी चाल एका नायिकेला द्यायची ती व्हेर्दीने गर्दीला दिली.

पण मला व्हेर्दी खरा कळला तो 'मॅकबेथ'मध्ये. हा ऑपेरा १४ मार्च १८४७ला फ्लोरेन्समध्ये झाला. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे म्हणा किंवा कॉलेजच्या अभ्यासक्रमामुळे म्हणा, झोपेत चालत हातावरचे रक्ताचे डाग धुणारी लेडी मॅकबेथ मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. ती भूमिका पहिल्यांदा केली मारिआना बार्बिएरी-निनीने. पुढे म्हातारपणी तिने त्या तालमींची हकिगत सांगितली. झोपेत बोलणाऱ्या माणसांची नक्कल करायला ती तीन महिने घोटत होती: ओठ जवळजवळ हलवायचे नाहीत, डोळ्यांसकट चेहरा स्थिर ठेवायचा आणि तरी शब्द पोचवायचे. खुनानंतर नवरा-बायकोचा जो संवाद आहे त्याच्या दीडशेच्या वर तालमी झाल्या, असं ती म्हणते. ते गाणं न वाटता बोलणं वाटलं पाहिजे, हा व्हेर्दीचा हट्ट. रंगीत तालमीच्या रात्री, लोक येऊन बसलेले, दोघं गायक पोशाख घालून तयार, आणि हा त्यांना बाहेरच्या दालनात पियानोपाशी बोलावतो. पुन्हा एकदा म्हणू या. नट चिडून म्हणाला, अहो, दीडशे वेळा केलंय! त्यावर व्हेर्दी: अर्ध्या तासाने असं म्हणणार नाहीस, तोवर एकशे एक्कावन्न झालेल्या असतील. नटाचा हात कमरेच्या तलवारीवर गेला होता म्हणे. आकडे म्हातारपणी फुगतात हे मान्य. पण अशी तालीममास्तरकी आपल्या नाटकवाल्यांनी नक्की ओळखली असती.

पुढच्या वर्षी हा ऑपेरा नेपल्समध्ये करायचं ठरलं. लेडी मॅकबेथ म्हणून त्या काळची मोठी नावाजलेली गायिका तादोलिनी ठरली होती. व्हेर्दीने पत्र पाठवून हरकत घेतली. हरकत काय, तर ती फार छान गाते! तादोलिनी दिसायला देखणी, मला बाई कुरूप आणि दुष्ट हवी. तादोलिनीचं गाणं निर्दोष, मला वाटतं लेडीने गाऊच नये. तिचा आवाज स्वच्छ, लखलखीत, देवदूतासारखा. मला कर्कश, घुसमटलेला, काळवंडलेला आवाज हवा, सैतानाचा. पत्राचा आशय हा असा. दोनशे वर्षं इटलीने सुंदर आवाजाची पूजा केली, आणि त्याच देशाचा सगळ्यात लाडका रचनाकार म्हणतो की सुंदर आवाज नको. रोमँटिक काळाने संगीतात काय बदललं असं मला कुणी विचारलं, तर मी हे पत्र पुढे करीन. सुरेलपणाला प्रसंगापुढे दुय्यम ठरवायची हिंमत त्यात आहे.

माझी एक मैत्रीण शास्त्रीय गाणं शिकवते. तिला मी तो झोपेत चालण्याचा प्रवेश ऐकवला. आधी वाद्यवृंदात व्हायोलिन दबक्या आवाजात अस्वस्थ फिरत राहतात. इंग्लिश हॉर्न मधूनमधून दोनच स्वरांचा उसासा टाकतो, वरचा आणि लगेच खालचा. वैद्य आणि दासी कोपऱ्यातून कुजबुजतात. बाई तुकड्यातुकड्यांनी बोलल्यासारखी गाते. अगदी शेवटी सूर चढत जातो आणि सगळ्यात वरच्या स्वरावर, जिथे कुणीही गायिका छाती भरून आवाज लावेल, तिथे व्हेर्दीने लिहिलंय: आवाजाचा नुसता धागा.

'हे एवढं वर जाऊन आवाज चोरायचा?' मैत्रीण म्हणाली. 'किती अवघड आहे माहितीये? आणि टाळी नाही मिळायची.'

टाळी मिळू नये हीच तर योजना होती. आणि नुसत्या पत्रांवर व्हेर्दी थांबला नाही. १८४०मध्ये ऑस्ट्रिया आणि सार्डिनियाच्या राज्यात लेखनहक्कांचा करार झाला होता आणि बाकीची इटालियन संस्थानं त्यात येत होती. त्याचा प्रकाशक रिकोर्दी नाट्यगृहांना स्वरलिपी भाड्याने द्यायचा. त्या करारातच व्हेर्दीने अट घालायला लावली: काही गाळायचं नाही, घुसडायचं नाही, पट्टी वर-खाली करायची नाही, केलंत तर दंड. गायकाच्या सामानातली गाणी त्या दंडाने मागे सारली. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत हा मुद्दा सहसा येत नाही, पण 'रचना पवित्र' या कल्पनेला वकील आणि हिशेबनीस यांचाही हात लागलेला आहे.

जर्मन ऑपेरांचा रचनाकार वाग्नर, त्याच्याबद्दल मी थोडक्यात सांगणार होतो. पण वाग्नर थोडक्यात सांगता येत नाही, त्याला स्वतःलाही ते कधी जमलं नाही. व्हेर्दीने गायकाला लगाम घातला, वाग्नरने श्रोत्याला. त्याच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड'मध्ये, १८६५मध्ये, सुरुवातीलाच एक अस्वस्थ स्वरसमूह येतो आणि तो जिथे जाऊन विसावायला हवा तिथे जातच नाही. सम येते येते म्हणता निसटते, ती थेट चार तासांनंतर, इझोल्ड मरते तेव्हा येते. गाणं संपलं, टाळी, पुढचं गाणं, ही व्यवस्थाच त्याने काढून टाकली. आणि मग त्यासाठी वेगळं घर बांधलं. बायरॉइट या लहानशा गावात, बव्हेरियाच्या राजाच्या पैशाच्या आधाराने. बाजूंना बॉक्स नाहीत, सगळ्यांची तोंडं रंगमंचाकडे. लाकडी खुर्च्या, गादी नाही. वादक रंगमंचाखालच्या खोल खड्ड्यात, वरून झाकलेले, म्हणजे हलणारे हात दिसायला नकोत. आजही उन्हाळ्याच्या उकाड्यात तिथले वादक साध्या शर्टात वाजवतात, कारण बघतंय कोण! आणि १८७६च्या ऑगस्टमध्ये 'रिंग' या चार रात्री चालणाऱ्या ऑपेरामालिकेच्या पहिल्या प्रयोगाला सभागृहातले दिवे उतरवून जवळजवळ अंधार केला. अंधारात शेजाऱ्याचा पोशाख दिसत नाही, गप्पा मारता येत नाहीत, सरबताला उठता येत नाही.

त्या पहिल्या उत्सवाला रशियन संगीतकार चायकोव्हस्की तिकडच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून गेला होता. गावात जेवायला मिळेना. लोक वाग्नरच्या संगीतापेक्षा कटलेट, बटाटे आणि ऑम्लेटबद्दल जास्त बोलतात, असं त्याने लिहिलं. चार रात्रींच्या त्या महाकाव्यातल्या अजस्र सर्पाचे तुकडे लंडनहून यायचे होते, त्यात मान वेळेवर पोचलीच नाही. तोटा इतका झाला की ते घर पुढची सहा वर्षं बंद राहिलं.

वाग्नरच्या यहुदीद्वेषाकडे डोळेझाक करून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. १८५०मध्ये त्याने टोपणनावाने यहुदी संगीतकारांविरुद्ध विषारी लेख लिहिला, पुढे स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. ज्या मेंडेल्सनकडून आणि मायरबेअरकडून तो शिकला त्यांनाच त्यात झोडपलं. आणि शेवटचा ऑपेरा 'पार्सिफाल' करायची वेळ आली तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक म्हणून समोर उभा होता हेरमान लेवी, एका रब्बीचा मुलगा. हे सगळं माहीत असूनही ट्रिस्टानचा तो पहिला स्वरसमूह ऐकला की मी बसल्या जागी अडकतो. दोन्ही खरं आहे.

'पार्सिफाल'चीच एक गोष्ट मला फार आवडते. १८८२चा जुलै. विषय धार्मिक, म्हणून दुसऱ्या अंकानंतर नटांना पडद्यापुढे बोलावू नये, असं वाग्नरने सुचवलं. लोकांनी अर्थ घेतला की टाळीच वाजवायची नाही. अंक संपला तर सभागृह चिडीचूप. वाग्नर बावरला, उठून सांगायला लागला की तसं नाही हो, वाजवा. आणि पुढच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकातल्या फुलांसारख्या पोरींचं गाणं त्याला इतकं आवडलं की तोच 'ब्राव्हो' ओरडला. लोकांनी त्याला दरडावून गप्प केलं! सगळी मालकी मिळवलेल्या माणसाला स्वतःच्याच घरात दाद द्यायची चोरी झाली.

त्याच १८८२ साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' रंगमंचावर येत होतं. एकाच वर्षी बायरॉइटमध्ये अंधार आणि मौन, आणि पुण्यात गाण्यामागून गाणं, दादेमागून दाद. पुढे बालगंधर्वांच्या काळात तर वन्स मोअरवर वन्स मोअर घेत नाटक उजाडेपर्यंत चालायचं. माझी आत्या सांगायची की तिच्या वडिलांना नाटकाचं कथानक कधीच आठवत नसे, पण कुठल्या पदाला किती वेळा परत यायला लागलं ते तोंडपाठ. आणि आणखी दहा वर्षांनी, १८९२मध्ये, मुंबईत लुकासिन्यो रिबेरो या गोव्याच्या तरुणाने 'इटालियन भुरगो' हा पहिला कोंकणी तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं नाटक, केला. तो आला होता मुंबईला आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करून. पण त्याने उचललं ते सामानातून गाणी घेऊन हिंडणाऱ्या गायकांचं इटली, बायरॉइट नव्हे. तियात्रात अजूनही गायक कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो, लोक परत बोलावतात, आणि तो त्यासाठी जादाची कडवी तयार ठेवून येतो.

आपल्याकडचं ते सगळं चांगलं आणि युरोपातलं मौन म्हणजे शिष्टपणा, असं मात्र मी म्हणणार नाही. वन्स मोअरच्या पायी आपल्या संगीत नाटकात नाटक मेलं, ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. व्हेर्दीने जी लढाई दिली ती आपल्याकडे पुरती कुणी दिली नाही. रुक्मिणीने भसाड्या आवाजात गायलं पाहिजे, असं म्हणणारा नाटककार कंपनीच्या मालकाने दारात उभा केला नसता.

इटलीतही ती लढाई पुरी व्हायला व्हेर्दीच्या मरणापर्यंत वाट पाहावी लागली. ला स्कालामध्ये ती तिथला वाद्यवृंद संचालक तोस्कानिनी याने लढवली. दिवे मंद करणं, बायकांना टोप्या उतरवायला लावणं, वन्स मोअर बंद करणं हे सगळं त्याचं. १९०३मध्ये हंगामाच्या शेवटच्या रात्री व्हेर्दीच्याच ऑपेरात लोक एका गाण्यासाठी 'पुन्हा, पुन्हा' ओरडत राहिले, तर हा पठ्ठ्या प्रयोग अर्धा टाकून निघून गेला. नंतर त्या घरात वन्स मोअर न देणं हा अलिखित कायदाच झाला. एकट्या गायकासाठी १९३३नंतर तो पहिल्यांदा मोडला २००७मध्ये. दोनिझेत्तीच्या एका हलक्याफुलक्या ऑपेरात पेरूच्या हुआन दिएगो फ्लोरेझने नऊ वेळा वरचा 'सी' (C) स्वर इतका सहज लावला की लोक खुर्च्यांत मावेनात, आणि त्याने ते गाणं पुन्हा म्हटलं.

त्याचं ध्वनिमुद्रण मी मैत्रिणीला पाठवलं. तासाभराने तिचा निरोप आला: 'चौऱ्याहत्तर वर्षं? हे लोक एवढे दिवस काय करत होते?'